फवारणीवाले नत्थुजी

नत्थुजी माझ्या समोरच्या घरात राहतात. मध्ये गल्ली आहे, एक सायकल आणि एक म्हैस कशीबशी एकमेकींना ओलांडून जातील एवढी. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या या गल्लीत मी मनपाच्या शाळेतून निवृत्त होऊन बसले आहे, आणि ओट्यावर बसलेल्या बाईला समोरच्या घरात काय चाललंय ते दिसतंच. त्याला चौकसपणा म्हणू नये. लोक म्हणतात. "मनकर्णाबाईच्या ओट्यावरून हवाबी चौकशी झाल्याबिगर पुढं जात नाई," असं खुद्द नत्थुजींनीच एकदा भर गल्लीत सांगितलं होतं.

नत्थुजींनी जन्मभर फवारणी केली. स्वतःचं शेत नव्हतं. पाठीवर पंप घ्यायचा आणि लोकांच्या कपाशीवर औषध मारायचं. त्या काळी माणसं बनियनवर फवारायची, बांधावर बसून त्याच हातांनी भाकर खायची. नत्थुजी मात्र तोंडाला दुपट्टा, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या आणि पायांना पोत्याच्या पट्ट्या बांधून निघायचे. पोरं त्यांना भूत म्हणायची. वारा पाहिल्याशिवाय ते पंपाच्या दांड्याला हात लावत नसत. एका श्रावणात त्यांचा जोडीदार रामराव त्यांच्या डोळ्यांदेखत फवारता फवारता कपाशीच्या ओळीतच कोसळला आणि उठलाच नाही. त्यानंतर हसणारे हसायचे थांबले, आणि नत्थुजींचे नियम आणखी कडक झाले.

घरचे नियम तर विचारू नका. शेतातून आले की अंगणातच बादलीने आंघोळ. कपडे वेगळ्या दोरीवर. रात्री झोपायची जागासुद्धा पडवीत, एकट्याची. चंदा, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. बाप गल्लीच्या तोंडाशी दिसला की ती दोन्ही हात पसरून धावत सुटायची आणि नत्थुजी लांबूनच ओरडायचे, "दूर! दूर हो, चंदे!" पोरगी जागच्या जागी थांबायची. आषाढापासून दिवाळीपर्यंत हे रोज चालायचं. तिची आई लवकर गेली, त्यामुळे तिला जवळ घेणारं दुसरं माणूसही घरात नव्हतं. पुढे मोठी झाल्यावर चंदा मला म्हणाली होती, "मावशी, मले बाबाचा चेहरा नाई आठवत लहानपणचा. फवाऱ्याचा वास आठवते."

चंदा वलगावला दिली. जावई शेखर चांगला आहे, पण वरूडच्या संत्र्याचा ट्रक घेऊन कधी दिल्ली, कधी कोलकाता, अशी त्याची नोकरी. त्यांना प्रणाली झाली आणि दोन-तीन वर्षांतच तिचे हातपाय दुखायला लागले. डोळे पिवळे, अंगात रक्त नाही, थंडी पडली की सांध्यांवर हात ठेवून रडत बसायची. तपासणीत सिकलसेल निघाला. तिला लाल कार्ड मिळालं, म्हणजे आजार आहे. आईबापाला पिवळं, म्हणजे आजार नाही, पण रक्तातून पुढे जाऊ शकतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नळ्यांमध्ये अडकतात, हे मला नत्थुजींनी समजावून सांगितलं होतं, हातात खरोखरचा विळा घेऊन.

प्रणाली सात वर्षांची झाली तेव्हा अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानशिलावर एक यंत्र लावून डोक्यातल्या रक्ताचा वेग मोजला. वेग जास्त निघाला. मेंदूकडे जाणाऱ्या नळ्या आतून अरुंद व्हायला लागल्या होत्या, म्हणून रक्त जोरात धावत होतं. असंच चाललं तर या वयात लकवा मारू शकतो, असं बाईंनी सांगितलं. चंदाला ते समजावून सांगायची गरज नव्हती. वलगावात तिच्याच आळीतला एक लाल कार्डवाला पोरगा शाळेत लिहिता लिहिता बाकावरून कलंडला होता, आणि त्याचा उजवा हात अजून लटकतो.

औषध सुरू झालं. रोज एक कॅप्सूल, महिन्याला रक्ताची तपासणी, आणि धीर धरायचा, कारण हे औषध महिनोन्‌महिने घेतल्यावर मग डोक्यातला वेग उतरतो. एक दिवसही चुकवायचं नाही. चंदाने चुकवलं नाही. कॅप्सूल प्रणालीला गिळता येत नव्हती, म्हणून ती उघडून पावडर साखरेच्या पाण्यात ढवळून द्यायची.

आणि मग चंदाला दिवस गेले. आधी एक गर्भ पडला होता, त्यामुळे सगळे जीव मुठीत धरून होते. पोटातल्या बाळाची तपासणी केली. ते पिवळ्या कार्डाचं निघालं. त्या दिवशी नत्थुजींनी गल्लीत पेढे वाटले आणि मला दोन दिले. पण औषध देणाऱ्या सिस्टरने चंदाला बजावलं होतं: आता या कॅप्सूलला, तिच्या पावडरला हात लावायचा नाही, पोटातल्या बाळाला बाधतं. शेखर सतत ट्रकवर, सासू-सासरे हयात नाहीत. मग कॅप्सूल उघडणार कोण? म्हणून पोळा झाल्यावर प्रणालीला अकोल्याला आबांकडे, म्हणजे नत्थुजींकडे आणलं, इथल्या शाळेत घातलं. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

पुढचा नियम नत्थुजींचा.

"औषधाले हात नाई लावायचा म्हन्ते सिस्टर," ते मला म्हणाले. "मंग जे पोट्टी ते औषध रोज पेते, तिले कसा लावायचा? फवारा मारून आलेल्या मानसाजवळ पोटुशी बाई जाते का?"

"नत्थुजी, ते फवाऱ्याचं औषध. हे पोटात घ्यायचं औषध."

"विष ते विष. पोटात गेलं का घामातून बाहीर येते. मी पायलं नाई का?"

"डॉक्टरांना विचारा की एकदा."

"डॉक्टर 'काई नाई होत' म्हनतीन. दुकानदारबी तेच म्हने, काई नाई होत, मारा बिनधास्त. रामरावनं आयकलं त्याचं."

माणूस अडाणी नव्हता, हट्टीही नव्हता. त्याने एक गोष्ट जन्मभर डोळ्यांनी पाहिली होती आणि तिच्यावर त्याचा जीव तगला होता. तरी मला राग आवरेना. मी म्हणाले, "'शिवू नका' हा शब्द आपल्या आजे-पणज्यांनी विहिरीवर ऐकला. आता आपणच आपल्या पोरीला तो ऐकवायचा?" नत्थुजी कधी नाही ते ताडकन उठले. "ते लोकायचं खोटं होतं, बाई. विष खोटं नसते." एवढं बोलून आत गेले, आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

रोज सकाळी समोरच्या ओट्यावर तो सोहळा व्हायचा. नत्थुजी तोंडाला दुपट्टा बांधत, रबरी हातमोजे चढवत, वाऱ्याकडे पाठ करत आणि चमच्यावर कॅप्सूल उघडत. रिकामी टरफलं कागदात बांधून वेगळी ठेवत. प्रणालीचा पेला वेगळा, टॉवेल वेगळा, आणि अंगणात तिच्या फ्रॉकांसाठी तीच जुनी वेगळी दोरी पुन्हा बांधली गेली. पण ते तिच्याशी तुसडे वागत असतील असं कुणी समजू नये. तिला ते मांडीवर घेत, पाय दाबत, थंडीत गरम पाण्याची पिशवी करून देत, दिवसभर पाणी पाजत. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणारा हा माणूस त्या वर्षी एक दिवसाचं औषध दुसऱ्याच्या हाती नको म्हणून नागपूरला गेला नाही. ते म्हणायचे, "मी तं म्हातारा, माह्या पोटात कोन हाय?" आणि औषध हाताळतात म्हणून ते स्वतःही चंदापासून चार हात लांब राहत.

चंदा रविवारी यायची. वलगावहून अमरावती, अमरावतीहून अकोल्याची एसटी, पोटाचा भार सांभाळत. आली की समोर न जाता माझ्या ओट्यावर बसायची. प्रणाली समोर आबांच्या ओट्यावर. मध्ये गल्ली. मायलेकी गल्लीवरून बोलत, आणि दुधवाला, भंगारवाला, शाळेची रिक्षा त्यांच्या बोलण्यातून जात-येत राहत.

"जेवली का वं?"

"जेवली."

"काय जेवली?"

"आबानं पोळी अन्‌ आलनाचं वरण केलं होतं. आई, बाळ हालून राहिलं का?"

"हालून राहिलं ना. तुह्या आवाजानं हालते."

यावर पोरगी मोठ्याने हसायची आणि ओट्याच्या अगदी कडेला सरकून बसायची. चंदा संत्री आणायची, शिवलेला फ्रॉक आणायची. ती माझ्याकडे द्यायची, मी गल्ली ओलांडून तिकडे द्यायची. तिकडून चित्र काढलेला कागद यायचा तो मात्र नत्थुजी आधी उन्हात ठेवायला लावत. एकदा चंदाने माझा हात धरला, तळव्यावर ओठ टेकले आणि म्हणाली, "मावशी, एवढं तिच्या गालाले लावून या." साठी उलटलेली बाई मी, शाळेत पोरांना छड्या मारलेली. तळवा उघडा धरून गल्ली ओलांडताना मला रडू कोसळलं.

प्रणालीचे केस दाट. वलगावात आई तेल लावून वेणी घालायची. इथे नत्थुजींच्या हातांना ते जमेना. शेतातली गाठ मारावी तशी ते रिबीन बांधत. मी घालून देते म्हटलं तर पोरगी नको म्हणायची, आईच घालते म्हणायची. मग एका रविवारी चंदाने माझ्या ओट्यावर बसून स्वतःचे केस मोकळे सोडले, पुढे घेतले आणि हळूहळू तीन पेड दाखवत वेणी घातली. समोर प्रणाली तसंच करत होती. चुकली की चंदा इकडून ओरडायची, "डावा वर घे, डावा!" तिचे हात हवेत पुढे व्हायचे आणि परत मांडीवर यायचे. हे किती तरी रविवार चाललं. पोरीला वेणी आली तेव्हा तिने ती उचलून आईला दाखवली. वाकडी होती. चंदा म्हणाली, "झकास!" आणि तोंड फिरवून माझ्या भिंतीकडे पाहत बसली. जिला लेकीची वेणी स्वतः घालायची आस होती, त्या आईनेच आपल्याशिवाय ती घालायला शिकवली होती.

त्याच आठवड्यात प्रणाली पाटी घेऊन माझ्याकडे आली. पाढे म्हणता म्हणता थांबली.

"आजी, बाळ झाल्यावर मी आईजवळ जाऊ शकीन का?"

"जाशील ना बाळा."

"पन बाळ तं तिचं दूध पेईन. अन्‌ औषध तं मले मोठी होईलोक हाय. आबा म्हन्ते, रोजच घ्या लागते." तिने बोटाने पाटी पुसली. "मंग मी मोठी झाल्यावरच जाईन."

सात वर्षांच्या पोरीने हा हिशेब एकटीने केला होता. मी तिला त्या संध्याकाळी घरी पाठवलं, नत्थुजींना जाऊन ते सांगितलं, आणि त्यांच्या तोंडावर म्हणाले की असल्या नियमाला आग लागो. नत्थुजी चुलीपुढे बसले होते. त्यांनी एक लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "मले का आवडते, बाई? चंदाले पायतो तवा मले तेच लहानपन दिसते. दूर हो म्हनलं का थांबे ते. पन ते जितीजागती हाय ना? मी दूर ठेवली म्हनून हाय."

थंडी सरत आली तेव्हा डोक्याच्या तपासणीची तारीख आली. औषध लागू पडलं की नाही ते त्या दिवशी कळणार होतं. आधीच्या महिन्यांत फक्त रक्त तपासून औषध मिळायचं, ते वेगळ्या खिडकीवर. चंदा आदल्या दिवशीच येऊन माझ्याकडे राहिली होती. तिचे दिवस भरत आले होते. दवाखान्यात पोचल्यावर ती आपण होऊन अंगणातल्या कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसली. प्रणाली, नत्थुजी आणि मी आत गेलो.

डॉक्टर गीतांजली त्याच, आधी वेग मोजला होता त्या. खुर्चीतून उठल्या तेव्हा त्यांचं पोट दिसलं. सातवा-आठवा महिना असावा. त्यांनी प्रणालीला टेबलावर निजवलं, केस मागे सारले, तिचं डोकं दोन्ही हातांत धरून आपल्या पोटाशी टेकवून नीट केलं आणि कानशिलावर जेल लावून यंत्र टेकवलं. खोलीत रक्ताचा आवाज यायला लागला. श्वासासारखा, येऊन जाणारा.

मी पडद्याकडे पाहत होते. नत्थुजी पडद्याकडे पाहत नव्हते.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "वेग उतरलाय, आजोबा. दोन्ही बाजूंनी उतरलाय. औषधाने काम केलंय. असंच चालू ठेवायचं." आणि त्यांनी प्रणालीच्या गालाचा चिमटा घेतला.

"म्याडम," नत्थुजी म्हणाले. "तुमी पोटुशा हाय ना?"

"हो," डॉक्टर हसल्या.

"मंग पोरीले हात कसा लावला? ते औषध पेते."

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मग मी सांगितलं, गल्ली, दोन ओटे, सगळं. त्या एकदम खाली बसल्या. "अहो आजोबा, औषध तिच्या पोटात जातं, तिच्या अंगावर बसत नाही. कॅप्सूल, पावडर, आणि तिची लघवी-उलटी साफ करायचं काम, एवढं गरोदर बाईने करायचं नाही. दुसऱ्याने करायचं, हातमोजे घालून. बाकी आईने तिला मांडीवर घ्यावं, कुशीत घेऊन झोपावं. काही होत नाही. शिवायचं नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोनी नाई," नत्थुजी म्हणाले. "मीच."

'काही होत नाही' या शब्दांवर या माणसाने कधी विश्वास ठेवला नव्हता. पण डॉक्टरांचा हात अजून प्रणालीच्या केसांवर होता, आणि त्याकडे ते एकटक पाहत होते.

आम्ही बाहेर आलो. चंदा बाकावरून अर्धी उठली. नत्थुजी नेहमीच्या अंतरावर येऊन थांबले आणि धोतराचा सोगा चाचपत राहिले.

"अहो बोला ना!" मी खेकसले.

"वेग उतरला पोरीचा," ते म्हणाले. "अन्‌... तिले घे, चंदे. डाक्टरीनबाई म्हने घे. माहं चुकलं होतं."

चंदाने नुसते हात पुढे केले. आणि प्रणाली सरकून आबांच्या मागे गेली. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले.

"नाई," ती म्हणाली. "बाळाले लागते."

"नाई लागत, बेटा," नत्थुजी म्हणाले.

"तुमीच तं सांगितलं होतं."

"माहं चुकलं."

ती आबांच्या धोतराआडून आईकडे पाहत राहिली. आईचे हात तसेच पुढे होते. पोरगी हलेना. मग म्हणाली, "तुमीबी औषध खोलता ना, आबा? तुमी पयले शिवा तिले. मंग मी."

नत्थुजींनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग ते वळले आणि अंगणातल्या नळाकडे गेले. मला वाटलं, निघाले की काय. पण ते हात धूत होते. फवारणीहून आल्यावर धूत तसे, कोपरापर्यंत, साबण नव्हता म्हणून मातीने घासून, पुन्हा पुन्हा. धोतराच्या सोग्याला पुसून परत आले, ते अंतर ओलांडून पुढे गेले आणि चंदाच्या डोक्यावर हात ठेवला.

चंदाने तो हात डोक्यावरून ओढून दोन्ही हातांत धरला, गालाला लावला, नाकाशी नेला. पस्तिशीची बाई, दुसऱ्या लेकराची होऊ घातलेली माय, भर दवाखान्यात ती लहान पोरीसारखी हमसून रडली. "बाबा," ती म्हणाली, "वास नाई वो आता तुमच्या हाताले."

तेवढ्यात कधीतरी प्रणाली आली. आधी तिने एक बोट आईच्या पोटाला लावून पाहिलं आणि पटकन मागे घेतलं. थोडी थांबली. बाळ बहुतेक हललं, कारण तिचे डोळे मोठे झाले. मग ती बाकावर चढून आईच्या कुशीत शिरली, आणि नत्थुजी कडुनिंबाच्या बुंध्याशी उकिडवे बसून राहिले.

बऱ्याच वेळाने पोरीचा आवाज आला, "आई, माही वेनी वाकडी हाय. तू घाल."

चंदाने ती सोडली, बोटांनीच विंचरली आणि पुन्हा घातली. घाईने नाही. पुन्हा सोडली आणि पुन्हा घातली. मला दिसत होतं की ती लांबवते आहे. अमरावतीची गाडी संध्याकाळची होती, आणि प्रणालीला अजून इथेच राहायचं होतं, कारण सकाळची कॅप्सूल उघडायला वलगावात कोणी नव्हतं. बाळंतपण होऊन, पुढचं डॉक्टरांना विचारूनच तिला नेता येणार होतं. चंदा एसटीच्या खिडकीतून दिसेनाशी होईपर्यंत पोरगी वेणी हातात धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजींनी दुपट्टा बांधला, हातमोजे चढवले, वाऱ्याकडे पाठ करून कॅप्सूल उघडली. तेवढं करायचंच होतं. मग ती वेगळी दोरी त्यांनी सोडली आणि गुंडाळून चुलीत टाकली. मी इकडून विचारलं, पोरीची आंघोळ झाली का?

"झाली," ते म्हणाले. "पन केस धू देत नाई. वेनी सुटीन म्हन्ते."

पुढच्या रविवारी आई येईपर्यंत तिने ती वेणी कोणालाच सोडू दिली नाही.